पावलोवा अडकली तो शनिवार

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. मला टेलिफोनची भीती वाटते, गायींची भीती वाटते, आणि "नमस्कार, एक छोटीशी अडचण होती" अशी सुरुवात असलेल्या अनोळखी माणसाच्या ईमेलची तर इतकी भीती वाटते की ती उघडण्याआधी मी चहा करून घेतो. "गायींना भिणारा माणूस तारानाकीसारख्या दुधाच्या मुलखात राहायला येतोच कसा?" असं माझी बायको नायरी घरी येईल त्या पाहुण्याला विचारते. आमच्याकडे नजर टाकाल तिकडे गायी आहेत. डोंगर आहे म्हणा, पण तो बहुतेक दिवस ढगात असतो, गायी मात्र बारा महिने बाहेरच. नायरीची शाळा इथे आहे आणि माझं काम घरबसल्या होतं, म्हणून मी राहतो, आणि खिडकी शक्यतो बंद ठेवतो.

तर त्या दिवशी चहा करून ईमेल उघडली. कुठल्याशा देशातल्या गृहस्थांनी कळवलं होतं की कल्व्हर्टमधून चार थ्रेड एकाच वेळी गेले, की कधीकधी एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात पडतं.

कल्व्हर्ट हे माझं अपत्य. संगणकाच्या दोन भाषा आहेत. पायथन ही बोलकी, समजूतदार आणि संथ, तर सी ही चपळ, तुसडी आणि एक शब्द चुकला तर घर पेटवून देणारी. या दोघींचं एकमेकींशी पटत नाही, पण एकमेकींवाचून चालतही नाही. मधे बसून एकीचं दुसरीला सांगणारा दुभाष्या म्हणजे माझी कल्व्हर्ट; नावाचा अर्थ रस्त्याखालची मोरी. मी ती लिहिली आणि आमच्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे जगासमोर फुकट ठेवून दिली. कोण नेतं, कशाला वापरतं, हे कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. कुणीतरी नेतंय एवढ्यावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो.

आणि थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी राबणारे कामगार. दुभाष्या एक आणि त्याच्याशी चौघं एकदम बोलायला लागले, तर तो बिचारा सरपंचाचा निरोप न्हाव्याला देणारच. त्यांनी एकमेकांच्या पायांत पाय न घालता बोलावं, अशी सोय मी केलेली नव्हती. करायला हवी होती.

"इतकी वर्षं चाललंय ना ते?" नायरी म्हणाली. "मग हात लावू नकोस."

"अगं, पण कधीकधी चुकतं म्हणतात."

"तूही कधीकधी चुकतोस. मी तुला उघडून बघते का?"

तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण "कधीकधी" हा शब्द माझा पिच्छा सोडेना. नेहमी चुकणारी गोष्ट पकडता येते. कधीकधी चुकणारी गोष्ट तुमच्याकडे बघत बसलेली असते.

एवढ्यात कुंपणापलीकडून बॅझल आला. बॅझल हा आमचा शेजारी, दुधाच्या कारखान्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून गल्लीची मुकादमी करणारा. हातात फिजोआंची पिशवी होती. शरदात आमच्याकडे प्रत्येकाच्या परसात हे हिरवं फळ धो धो गळतं आणि जो तो ते शेजाऱ्याच्या गळ्यात मारतो. मी आदल्या दिवशी त्याला दिलेलीच पिशवी ही असावी, असा मला संशय आला. पण पिशवी घेतली, कारण नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

"तोंड का असं? कोण गेलं?" बॅझलने विचारलं.

मी त्याला थ्रेडचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, अर्धा फिजोआ चमच्याने खाल्ला आणि हात झटकले.

"हे काय अवघड आहे लेका! आमच्या बोलिंग क्लबच्या संडासाला एकच किल्ली आहे. ही एवढ्या ओंडक्याला बांधलीय. ज्याच्या हातात ओंडका तो आत, बाकीचे बाहेर. आजवर दोघं एकदम आत गेले नाहीत. तसा एक ओंडका तुझ्या त्या मोरीला बांध."

राग येतो तो याचाच की हे बरोबर होतं. आमच्यातही त्याला कुलूप असंच म्हणतात. मी एक कुलूप घातलं, आणि उत्तरांची अदलाबदल थांबली. मग दुसऱ्या प्रकारच्या ईमेल यायला लागल्या: आता चुकत नाही, पण सगळे रांगेत उभे राहतात, काम पुढे सरकत नाही. एकाने तर "आपण हे मुद्दाम केलं आहे का?" असं फार अदबीने विचारलं. त्या अदबीनेच मला घाम फुटला.

"रांग होणारच," बॅझल म्हणाला. तो रोज यायला लागला होता, आणि फिजोआही. "आमच्याकडे लोक कागदाचे रोल घरी न्यायला लागले, तेव्हा आम्ही रोलच्या कपाटाला निराळी किल्ली केली. दोन कामं, दोन किल्ल्या."

मी दोन कुलपं केली. पायथनच्या बाजूला एक, सीच्या बाजूला एक. पायथनकडून सीकडे जाणाऱ्याने आधी पायथनची किल्ली घ्यायची, मग सीची. सीकडून उलट येणाऱ्याने आधी सीची, मग पायथनची. ज्याला जे दार आधी लागतं ते त्याने आधी उघडावं, याहून सरळ काय असणार?

फार सुरेख चालायला लागलं. फक्त क्वचित, चाचणी करताना, सगळं जागच्या जागी थिजायचं. चूक नाही, तक्रार नाही, नुसती शांतता. मला अशा शांततेची धडकी भरते. कुठे अडतंय ते कळावं म्हणून मी दोन्ही दारांपाशी एकेक ओळ लिहिली. कामगार दारात शिरला की पडद्यावर "आलो" उमटायचं आणि बाहेर पडला की "गेलो". त्या ओळी घातल्या आणि थिजणं बंद झालं. दिवसभर चालवलं. आलो, गेलो, आलो, गेलो. एकदाही अडलं नाही.

आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, या जागी अंगावर काटा यायला हवा. आपण बघायला लागलो की दुखणं पळतं, याचा अर्थ ते गेलं असा नसतो. ते दाराआड उभं असतं. काटा मला आलाही होता, खोटं कशाला बोलू. पण सदा भीत असणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. खरं भ्यायचं कधी, ते त्याला ओळखू येत नाही. मी स्वतःला दटावलं, आणि चारचौघांत न्यायच्या प्रोग्रॅममध्ये "आलो-गेलो" बरं दिसत नाही म्हणून त्या ओळी काढून टाकल्या.

नवी आवृत्ती बाहेर सोडायला आमच्यात दोघांची संमती लागते. दुसरा माणूस तोनू, राहणार एस्टोनिया. हा नियम मी भीतीपोटी केलेला. नियम बदलायलाही दोघांची संमती लागते, हा पोटनियमही माझाच. शिवाय शुक्रवारी काही सोडायचं नाही, हे या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं, कारण मोडलं तर शनिवार-रविवार दुरुस्तीला कुणी सापडत नाही. मी सोडलं तेव्हा आमच्याकडे शुक्रवारची सकाळ होती. पण तोनूकडे गुरुवारची रात्र होती, आणि बहुतेक जगात गुरुवारच होता. जगाच्या मताला मान देऊन मी बटण दाबलं. सूर्य आमच्याकडे सगळ्यांच्या आधी उगवतो, हे मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आलो होतो, ते नेमकं तेव्हा विसरलो.

शनिवारी सकाळी मी ड्रेसिंग गाऊनमध्ये टोस्टला मार्माइट लावत होतो, तोच मागच्या दारावर थाप पडली. दारात हुरियाना होहाया उभी होती. रस्त्याच्या टोकाच्या गोठ्याची मालकीण. गमबूट गुडघ्यापर्यंत शेणाने भरलेले. पायऱ्या चढताना ती नेहमी बूट बाहेर काढते. आज काढले नव्हते.

"ते कल्व्हर्ट का काय, ते तुझंच ना रे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी प्रत्यक्ष येऊन मला हे विचारत होतं. क्षणभर, मला सांगायला लाज वाटते, मी खूश झालो.

"माझ्या गोठ्याच्या पडद्यावर तेच नाव आलंय. लाल अक्षरात. चल."

हुरियानाचा खांदा दोन वर्षांपूर्वी कामातून गेला. तेव्हा तिने जुना गोठा मोडला आणि धार काढणारं यंत्र आणलं. गाय आपणहून येते, फाटकातून खोपटात शिरते, यंत्राचा हात पुढे येऊन सडांना पेले लावतो, धार काढतो, मागे जातो, पुढचं फाटक उघडतं, गाय जाते. हे सगळं मला ठाऊक होतं. आत कल्व्हर्ट बसलीय आणि रात्री तिची नवी आवृत्ती यंत्राने आपणहून उतरवून घेतलीय, हे ठाऊक नव्हतं.

गोठा दिसायच्या आधी ऐकू आला. सगळा कळप एका सुरात हंबरत होता. खोपटात एक पांढरीशुभ्र गाय उभी होती. धार झालेली, पण यंत्राचा हात तिच्या पोटाखालीच. पुढे फाटक बंद, मागे फाटक बंद.

"ही पावलोवा," हुरियाना म्हणाली. "पहाटेपासून अशी उभी आहे. आणि तिच्यामागे ती रांग बघ. कासा तटतटल्यात त्यांच्या. दुपारपर्यंत धार निघाली नाही तर सुजायला लागतील. आऊए, देवा! आणि हाताने काढायची म्हटली तर या खांद्यानं मी किती काढणार? तुला येते का?"

मी नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या चुकीने फार तर कुणाचा तक्ता चुकेल. ही चूक पापण्या मिटवत माझ्याकडे बघत होती.

"यंत्राच्या कंपनीला फोन केलास?"

"केला. ते म्हणाले, दोष कल्व्हर्टचा आहे, आम्ही तक्रार संबंधिताकडे पाठवली आहे. माणूस सोमवारी येईल."

माझ्या गाऊनच्या खिशात फोन थरथरला. ईमेल होती. "नमस्कार, एक छोटीशी अडचण होती." कंपनीने हुरियानाची तक्रार पाठवली होती, मला.

काय झालंय ते पडदा बघताच कळलं. फाटकाचा हुकूम पायथनची किल्ली घेऊन सीच्या दारात उभा होता. हाताचा निरोप सीची किल्ली घेऊन पायथनच्या दारात उभा होता. फाटक म्हणे, हाताचा निरोप आल्याशिवाय उघडत नाही. हात म्हणे, फाटकाने हालचाल केल्याशिवाय निरोप देता येत नाही. दोघं आपापली किल्ली छातीशी धरून, जन्मभर थांबायची तयारी करून उभे.

"म्हणजे कसं," मी हुरियानाला समजावलं, "क्लबात एकाने संडासाची किल्ली नेली आणि तो रोलच्या कपाटाच्या किल्लीची वाट बघतोय. दुसऱ्याने कपाटाची नेली आणि तो—"

"ॲलिस्टर," ती म्हणाली, "माझ्या गायी फुटायला आल्यात. तू मला संडासाच्या गोष्टी सांगतोस?"

दुरुस्ती अवघड नव्हती. पण गोठ्याचं यंत्र फक्त रीतसर प्रसिद्ध झालेली आवृत्तीच घेतं, आणि प्रसिद्ध करायला तोनूची संमती हवी. तोनूकडे आता शुक्रवारची रात्र होती. शुक्रवारी रात्री तो वाफेच्या खोलीत बसतो आणि फोन बाहेर खुंटीला टांगलेला असतो. मी निरोप ठेवला. दुसरा ठेवला. तिसऱ्यात "कृपया" दोनदा लिहिलं.

तोवर काय? यंत्र बंद करून सुरू केलं, तरी पावलोवापाशीच पुन्हा अडे. मग लक्षात आलं की फाटकाच्या खांबावरची पट्टी नेमक्या वेळी हाताने दाबून धरली आणि त्याच वेळी कुणी यंत्राच्या हाताचं मागे घ्यायचं बटण दाबलं, तर गाठ सुटते. बटण गोठ्याच्या खोलीत होतं, तिथे हुरियाना. पट्टी होती फाटकापाशी. म्हणजे गायीच्या तोंडापाशी.

"जा की," हुरियाना म्हणाली.

"त्या... चावतात का?"

"वरचे दातच नाहीत त्यांना!"

हे ऐकून धीर यायला हवा होता. मी ड्रेसिंग गाऊनचा पट्टा आवळला, नायरीच्या बागेतल्या चपला घातलेले पाय शेणात घातले, आणि तटलेल्या गायींच्या मधून आडवा आडवा सरकत निघालो. एकीने माझ्या पाठीत उसासा सोडला. मी ओरडलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच माफी मागितली. पावलोवाच्या समोर पोचलो तेव्हा तिने लांब, खरबरीत जीभ काढून माझं तोंड हनुवटीपासून कपाळापर्यंत पुसून घेतलं. माझी बोबडी वळली. पण पट्टीवर हात ठेवला.

मी हुरियानाच्या हाकेची वाट बघत राहिलो. हाक येईना. गाय बघतेय, मी बघतोय. शेवटी मी ओरडलो, "अगं, सांग ना!"

"मी तुझ्या हाकेची वाट बघतेय!" आतून आवाज आला.

"तू आधी बटण दाब!"

"तू आधी पट्टी दाब! तू तज्ज्ञ आहेस!"

आणि आम्ही पुन्हा थांबलो, दोघंही, एकमेकांना मान देत. पावलोवाने शेपटी उडवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी नेमकं हेच लिहून जगाला वाटलं आहे.

"आधी बटण!" मी किंचाळलो. "नेहमी आधी बटण! काहीही झालं तरी! तू 'आलो' म्हण, मग मी दाबतो!"

"मी 'आले' म्हणेन!"

"म्हण काहीही!"

"आले!" मी पट्टी दाबली. हात मागे गेला, फाटक उघडलं आणि पावलोवा मला खांद्याने बाजूला सारून कुरणाकडे चालू लागली. "गेली!" मी ओरडलो. आणि दुसरी आत शिरली.

तसं किती वेळ चाललं कोण जाणे. आले, गेली. आले, गेली. गाऊनला शेण लागलं, कपाळ चाटून चाटून गुळगुळीत झालं, आणि भीती काही गेली नाही, फक्त तिच्याकडे बघायला सवड उरली नाही. बॅझल वार्ता ऐकून कुंपणाला टेकला होता. "किल्ल्या दोन केल्यास, पण क्रम ठरवायचा असतो रे," तो म्हणाला. हे आधी का सांगितलं नाहीस असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तू विचारलंस कुठे?" त्याने फिजोआ आणले होते. गायींनी खाल्ले.

दोन गायींच्या मधल्या वेळात मी लॅपटॉप पाण्याच्या टाकीवर ठेवून दुरुस्ती लिहिली: कुठूनही येवो, आधी पायथनची किल्ली, मग सीची. तोनूचा पत्ता नव्हता. उरला टेलिफोन. मी तोनूच्या घरचा नंबर फिरवला. त्याच्या आईने उचलला.

"तोनू वाफेत," ती म्हणाली. तिला इंग्रजी तेवढंच येत असावं.

"ताई, फार महत्त्वाचं आहे. नवी आवृत्ती—"

"तोनू वाफेत."

"गाय अडकलीय हो!"

पलीकडून अगदी वेगळ्या आवाजात प्रश्न आला, "दुभती?"

"दुभती! सगळा कळप!"

रिसीव्हर टेबलावर आपटला, दार धाडकन उघडलं आणि एस्टोनियन भाषेत अशी काही हाक ऐकू आली की इकडच्या दोन गायींनी कान टवकारले. थोड्या वेळाने तोनू आला, धापा टाकत.

"मी टॉवेलवर आहे," तो म्हणाला. "तू शुक्रवारी सोडलंस?"

"तुझ्याकडे गुरुवार होता."

"ॲलिस्टर!"

"नंतर रागव. आधी बघ."

तोनू फार नेमका माणूस. त्याने टॉवेलवर उभं राहून ओळ न् ओळ वाचली. "क्रम बरोबर आहे. पण टिपेत तिसऱ्या वाक्याला पूर्णविराम नाही. आणि हे 'आलो' 'गेलो' काय आहे? तू हे परत घातलंस? याची गरज नाही."

मी फोन रांगेकडे धरला. साऱ्या कळपाने मिळून त्याला उत्तर दिलं.

"दिली संमती," तोनू क्षीण आवाजात म्हणाला.

नवी आवृत्ती गोठ्याच्या यंत्रात उतरली. खोपटात एक तपकिरी गाय शिरली. हात पुढे आला, धार निघाली. हुरियाना खोलीतून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. बटणापाशी आता कुणी नव्हतं.

"हात काढ," ती म्हणाली.

"थांब. एक ही जाऊ दे."

"ॲलिस्टर. हात काढ. नाहीतर कळणार कसं?"

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, गायींचीही नाही. मी हात उचलला. यंत्राचा हात मागे गेला. मधे एक क्षण काहीच झालं नाही. मग फाटक उघडलं आणि गाय निघून गेली. हुरियानाने चांगला खांदा माझ्या खांद्याला टेकवला आणि दोन्ही डोळे बाहीने पुसले. शेवटची गाय जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. काही कारण नव्हतं.

कंपनीची ईमेल आली: आपली तक्रार बंद करण्यात येत आहे, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? नायरीने मला नळीच्या पाण्याने अंगणात धुतलं आणि गाऊन फेकून दिला. "आलो-गेलो" मी ठेवलंय. तोनू दर वेळी काढायला सांगतो.

त्यानंतर आठवडाभरात आणखी एका अनोळखी माणसाची ईमेल आली. फार गोड ईमेल होती. लिहिलं होतं, आम्हीही आमच्या यंत्रात आपली कल्व्हर्ट बसवली आहे, उत्तम चालते, आपले आभार मानावेत म्हणून लिहिलं. कसलं यंत्र ते लिहिलं नव्हतं. पूर्वी मी अशा ईमेलवर दिवस काढला असता. या वेळी चहासुद्धा न करता लगेच उत्तर लिहिलं: "आभारी आहे. त्या यंत्रात कुणी उभं असतं का?"

अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.